सीलच्या आत, सीलच्या बाहेर

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी अनारसे करायला बसली आणि सुहास फाइल घेऊन तिच्यासमोर. मावशी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागातून निवृत्त झालेली. तिची सगळी नोकरी रक्त, लघवी आणि व्हिसेरा तपासण्यात गेली. सुहास, माझा थोरला भाऊ, साताऱ्याला फौजदारी वकिली करतो. म्हणजे एकीनं ज्या तऱ्हेच्या कागदांवर सह्या केल्या, तसले कागद कोर्टात पाडायचे हा दुसऱ्याचा धंदा. मावशीचे हात पिठात होते, त्यामुळे सुहासच वाचून दाखवत होता. मी तुपाकडे बघत होते आणि ऐकत होते.

सुहास: ऐक हं. "लघवीच्या नमुन्यात मॉर्फीन आढळले." संपलं. किती आढळलं, कशानं शोधलं, चूक किती धरायची, एक अक्षर नाही. माझा अशील ट्रक चालवतो. त्याला कलम २७ लावलंय, अमली पदार्थाचं सेवन. तो शपथेवर सांगतो की मी काही घेतलेलं नाही. आणि सरकारी वकील म्हणतात, सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आलाय, आता काय राहिलं?

मावशी: बरंच राहिलं. पण ते आमच्या माथी का मारतोस? आमच्याकडे सीलबंद बाटली येते. तिच्यात काय आहे ते आम्ही सांगतो.

सुहास: तेच तर! तुम्ही बाटलीबद्दल बोलता आणि कोर्टाला ते माणसाबद्दल ऐकू येतं. वर कायदा तुमच्या बाजूनं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९. सरकारी शास्त्रज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताच पुराव्यात वाचता येतो. पंचनाम्यावर सही करणाऱ्या पानवाल्यालासुद्धा पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. तुमचा कागद टपालानं येतो आणि साक्ष देऊन मोकळा होतो.

मावशी: कोर्टाला वाटलं तर शास्त्रज्ञाला बोलावता येतं, हेही त्याच कलमात लिहिलंय. ते वाक्य तुम्ही वकील वाचत नाही. बरं, ते राहू दे. तुझ्या ट्रकवाल्यानं आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?

सुहास: गावची जत्रा होती. मटण आणि पांढरा रस्सा. रश्श्यात खसखस. माझा बचाव तोच आहे.

मावशी: (हसून, हातातला अनारसा खसखशीवर दाबत) हा बचाव तुझ्या आधी कितीतरी जणांनी घेतलाय. आणि तो पोकळ नाही. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बीच्या आत अफू जवळजवळ नसते. पण बोंडाचा चीक बियांच्या सालीला लागून येतो, त्यात मॉर्फीन असतं आणि थोडं कोडीनही. धुतलं, भाजलं, शिजवलं की बरंच उतरतं. कुठल्या पोत्यातल्या बियांना किती चीक लागलाय, त्यावर पुढचं सगळं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या तपासणीत आधी लघवीच्या एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमची मर्यादा होती. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. खसखस लावलेले पाव खाणारी साधी माणसं त्यात सापडायला लागली, म्हणून १९९८ साली मर्यादा २,००० वर नेली. एवढं करून २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या संरक्षण खात्यानं सैनिकांना सांगितलं की खसखस खाऊच नका.

सुहास: मग झालं! मर्यादा ३०० असली की माणूस गुन्हेगार आणि २,००० असली की तोच निर्दोष. हे कसलं शास्त्र? हा तर दुकानदाराचा भाव झाला.

मावशी: मर्यादा म्हणजे चाळणीचं भोक रे. बारीक ठेवलं तर वर चाळ फार राहते, मोठं ठेवलं तर रवाही खाली जातो. कुठे ठेवायचं ते माणूसच ठरवतो, ते मी नाकारत नाही. पण चाळणीवर कुणी निकाल देत नाही, निदान देऊ नये. पहिली तपासणी असते प्रतिपिंडांची. तिला रेणूचा साधारण तोंडवळा कळतो. मॉर्फीनसारखं दिसणारं काही आलं की ती हात वर करते; कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी करते. त्यानंतर खरी तपासणी. नमुन्यातले पदार्थ गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांब, केसासारख्या नळीतून पाठवायचे. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. बाहेर पडला की मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करायचे आणि तुकड्यांची वजनं जुळवायची. शिवाय शुद्ध मॉर्फीनचा नमुना शेजारी चालवायचा, आणि ज्यात काहीच घातलेलं नाही असा कोराही. कोऱ्यात काही दिसलं तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द.

सुहास: पुस्तकात. मिसूरीतल्या त्या आईचं काय झालं?

मावशी: वाटलंच मला, तू तिकडे येणार.

सुहास: (माझ्याकडे वळून) तू ऐक हे. १९८९ साल, अमेरिकेतलं मिसूरी राज्य. तीन महिन्यांचं बाळ आजारी पडतं: उलट्या, धाप. रक्ताच्या तपासणीत एथिलीन ग्लायकॉल निघतं, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते द्रव. बाळ आईपासून तोडून दुसऱ्यांकडे ठेवतात. आई भेटायला येते, बाटलीनं दूध पाजते, बाळ पुन्हा आजारी पडतं आणि जातं. पुन्हा तोच रिपोर्ट. एका नाही, दोन प्रयोगशाळांचा. आईला जन्मठेप. दरम्यान कैदेत असतानाच तिला दुसरं बाळ होतं. ते तिच्या हातात कधी दिलेलंच नाही, आणि त्याला तसाच त्रास सुरू होतो! निघतं काय, तर जन्मजात रोग, मिथाइलमॅलॉनिक अॅसिडिमिया. त्यात रक्तात प्रोपिऑनिक आम्ल साठतं. दोन्ही प्रयोगशाळांनी ते आम्ल बघितलं आणि लिहिलं "एथिलीन ग्लायकॉल". १९९१ साली ती सुटली. आता सांग मला यंत्राची थोरवी.

मावशी: यंत्रानं खोटं सांगितलं नव्हतं, सुहास. अमुक वेळेला काहीतरी बाहेर पडलं, एवढंच ते म्हणालं. ते "काहीतरी" म्हणजे एथिलीन ग्लायकॉलच, हे माणसांनी ठरवलं, कारण त्यांच्या मनात आधीच विष होतं. चपलांच्या आवाजावरून दारात कोण आलं ते ठरवायचं आणि दार उघडून चेहराच बघायचा नाही, असं ते झालं. पुढे सेंट लुइसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रोपिऑनिक आम्ल घातलेलं रक्त मुद्दाम वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवलं, तर काहींनी पुन्हा तेच विष निघाल्याचं कळवलं. पण तिला सोडवलं कुणी? नव्यानं नीट केलेल्या तपासणीनंच. वकिलाच्या भाषणानं नाही.

सुहास: तिला आत घातलं तेव्हाही तपासणीच होती!

मावशी: अर्धवट तपासणी. अर्धी भाजलेली भाकरी बाधली म्हणून ज्वारीला दोष देतोस तू.

तुपात सोडलेला एक अनारसा फुटून पसरला. "हसला," मावशी म्हणाली. "पीठ जरा सैल झालंय." तिनं पिठात हात घातला आणि त्याच दमात सुहासकडे वळली.

मावशी: आता मी विचारते. दोन वर्षांपूर्वी तू एका दारुड्या मोटारवाल्याला सोडवलंस. कशावर?

सुहास: रक्त घेताना डॉक्टरनं कातडी स्पिरिटनं पुसली होती. दारूबंदीच्या १९५९ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की रक्त घेताना अल्कोहोलचा स्पर्शही होता कामा नये.

मावशी: नियम बरोबर आहे. पण पुसलेल्या स्पिरिटनं त्याच्या रक्तात एवढं अल्कोहोल आलं, असं तुला मनापासून वाटलं?

सुहास: मला काय वाटतं याला किंमत नाही. नियम मोडला, शंका निर्माण झाली.

मावशी: धडक बसलेल्या बाईचा पाय अजून लंगडतो. तिच्या शंकेचं काय? तुला नियम हवा असतो तो सुटण्यासाठी. तो आला कुठून, ते माहीत आहे?

सुहास: माहीत आहे. १९५१ साली मुंबईत परिवहन खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या जीपनं माणसं उडवली. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. तो म्हणाला, मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं, त्यात अल्कोहोल असतं. डॉक्टर म्हणाले, वास येत होता, पण बोलणं सुसंगत होतं, चाल सरळ होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. औषधातलं अल्कोहोल दारूबंदीतून आधीच वगळलेलं होतं. तेव्हा पोटात गेली ती बंदी असलेली दारूच, हे सरकारनं सिद्ध करावं, असं १९५४ मध्ये ठरलं. तो त्या आरोपातून सुटला.

मावशी: आणि मग १९५९ साली दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्क्यांची रेघ आली. रक्तात त्याहून जास्त निघालं तर मी औषधच घेतलं होतं हे आरोपीनं दाखवायचं. नाकाच्या जागी आकडा आला. तुम्हा लोकांना वाटतं, आकडा आरोपीला अडकवायला आला. मी म्हणते, तो नाकापासून वाचवायलाही आला. हवालदाराच्या नाकाची उलटतपासणी कशी घेणार होतास तू?

सुहास: ते मान्य. १९७१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी नेहमी वापरतो, आपल्याच राज्यातल्या अपघाताचा. तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यानं माणूस प्यायला होता असं निश्चित म्हणता येत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती.

मावशी: बघ! तपासणी नसली की म्हणायचं, तपासणी कुठे आहे? असली की म्हणायचं, तपासणीवर काय विश्वास?

सुहास: (हसत) तेवढ्याचीच तर फी घेतो. पण मावशी, आकडा येऊनही नाक सुटलेलं नाही. मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास जिरवतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. अपघाताच्या वेळी १२० असलेल्या माणसाचं रक्त सहा तासांनी घेतलं तर ३० येणार. तुमचा आकडा अचूक, पण भलत्या वेळेचा. आणि भलत्या माणसाचाही असू शकतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं?

मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला होता, मोटार एका अल्पवयीन मुलाच्या हातात होती. त्याचं म्हणून घेतलेलं रक्त रुग्णालयातच बदललं गेलं, आणि दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळवल्यावर ते उघडकीला आलं, असं पोलिसांनी सांगितलं. डॉक्टरांना अटक झाली. पुढचं कोर्ट ठरवील.

मावशी: त्या आरोपात तथ्य असेल, तर ते रक्त जगातल्या सगळ्यात चांगल्या यंत्रात घातलं असतं तरी "अल्कोहोल नाही" हेच उत्तर आलं असतं. आणि ते उत्तर खरंच असतं. सीलच्या आत जे आहे, त्याचा जबाब आम्ही देतो. सील लागायच्या आधी काय झालं, तिथे आमचा हात पोचत नाही. बाटली शाबूत आहे का, लाखेवरचा ठसा पोलिसांनी पाठवलेल्या नमुना सीलशी जुळतो का, एवढं आम्ही बघतो. राखाडी टोपणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड आहे ना, हे बघतो. नसेल तर रक्तातल्या साखरेवर जंतू स्वतःच दारू गाळायला बसतात. पण बाटली चार दिवस पोलीस ठाण्याच्या खिडकीत उन्हात होती का, ते मला कोण सांगणार? ते तू विचारायचं. मुद्देमाल कारकुनाला, बाटली घेऊन आलेल्या कॉन्स्टेबलला. तू विचारतोस?

सुहास: विचारतो. "नोंद बघून सांगतो," म्हणतात. नोंद कोरी असते.

मावशी: मग शंका तिथे घे. ती खरी शंका आहे. स्पिरिटच्या बोळ्यावर सुटलेल्या माणसापेक्षा त्या कोऱ्या नोंदीवर सुटलेल्याचं मला कमी वाईट वाटेल.

सुहास: आणि सीलच्या आतलं सगळं बरोबर असलं तरी अर्थाचं काय? गांजाचं घे. लघवीत त्याचा अंश निघाला म्हणजे माणूस नशेत होता का?

मावशी: नाही. गांजातलं द्रव्य चरबीत मुरतं आणि हळूहळू झिरपत राहतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यावरही आठवडेच्या आठवडे ते सापडतं. लघवी म्हणजे घरातून बाहेर पडलेला कचरा. घरात कधीतरी काय शिजलं ते तिच्यावरून कळतं, आत्ता चुलीवर काय आहे ते नाही. त्यासाठी रक्त लागतं, तेही वेळेत घेतलेलं.

सुहास: त्याहून गंमत ऐक. अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसतं पान त्या व्याख्येत नाही. म्हणजे महाशिवरात्रीला पानांची भांग प्यायलेला आणि चिलीम ओढलेला कायद्याला वेगळे. तुमच्या यंत्राला?

मावशी: एकच. लघवीत दोघांचं सारखंच येतं. पान होतं की फुलोरा, ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगतो म्हणाला तर तो थापा मारतो. मला हे सांगायला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती तुम्ही माझ्या कागदातून जास्तीचं काढायचात तेव्हा. मेलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे फारच होतं. जिवंतपणी काळीज, फुप्फुसं यांच्या पेशींत धरून ठेवलेली काही औषधं मेल्यावर रक्तात उतरतात. हृदयातलं रक्त घेतलं की आकडा फुगतो, मांडीच्या शिरेतलं घेतलं की खरा येतो. रक्त कुठून घेतलं ते शवविच्छेदनाच्या कागदावर लिहिलेलंच नसेल, तर त्या आकड्यावरून "जास्त डोस घेतला" म्हणायचं कसं?

सुहास: आणि व्हिसेरा? पेपरात रोज येतं, "व्हिसेरा राखून ठेवला".

मावशी: जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडं, मिठाच्या दाट पाण्यात. बरणी येते, आम्ही काम करतो, उत्तर जातं: "विष आढळले नाही." घरचे म्हणतात, चला, विष नव्हतं. तसं नसतं रे. आम्ही जे शोधलं ते सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही विषं शरीर स्वतःच मोडून टाकतं, काही कुजण्यात जातात, आणि काही शोधायला कुणी सांगितलेलंच नसतं. "डॉक्टरांनी संशय काय आहे ते लिहावं" असं आम्ही ओरडून सांगायचो. फॉर्मवरचा तो रकाना रिकामा यायचा.

सुहास: मग हे सगळं अहवालात का लिहीत नाही? पद्धत कोणती, किमान किती असलं तर दिसतं, काय शोधलं आणि काय शोधलं नाही. तू मला स्वयंपाकघरात जे सांगितलंस, त्यातलं कोर्टात एक वाक्य येत नाही. माझी मागणी एवढीच: सही करणाऱ्यानं दर खटल्यात पिंजऱ्यात यावं.

मावशी: दर खटल्यात? मग बाटल्या कोण फोडणार? एक माणूस चंद्रपूरच्या कोर्टात, एक सिंधुदुर्गात, दिवस मोडायचे आणि तिथे कळायचं की आज तारीख पडली. तुमच्या तारखांपायी इकडे नमुने सडतील. आणि उशिराच्या अहवालासाठी जामिनाशिवाय आत बसतो तोही तुझाच अशील. दर खटल्यात नको. पण कागद बोलका हवा, हे तुझं खरं आहे. आमच्यात एक सवय होती, कमी लिहा म्हणजे उलटतपासणीत कमी सापडाल. मीही तसंच लिहिलं. एवढी नोकरी झाली, पण साक्षीला मोजक्या वेळा गेले, आणि "कोरा नमुना चालवला होता का?" हे एकाही वकिलानं विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढच्या वेळी मी ते आधीच लिहून ठेवलं असतं.

सुहास: म्हणजे चूक आमची?

मावशी: दोघांची. आण तो कागद.

तिनं हात धुतले, पदराला पुसले, चष्मा नाकावर चढवला. अहवाल दोनदा वाचला, मागची बाजूही पाहिली.

मावशी: मॉर्फीन. ठीक. सहा-मोनोअॅसिटिलमॉर्फीनबद्दल काहीच नाही.

सुहास: म्हणजे?

मावशी: हेरॉइन, म्हणजे तुमची ब्राउन शुगर, अंगात गेली की काही मिनिटांत मोडते आणि हा पदार्थ होतो. मग त्याचं मॉर्फीन. खसखशीतून मॉर्फीन येईल, कोडीन येईल, हा कधीच येणार नाही. तो सापडला तर पांढरा रस्सा संपला. तो लघवीत फार काळ टिकत नाही, त्यामुळे नाही सापडला म्हणून खसखसच होती असंही नाही. पण तुझ्या माणसाच्या गोष्टीला जागा राहते. इथे "आढळले नाही" असं लिहिलेलं नाही. "शोधले नाही" असंही नाही. हे लिहायला हवं होतं. मी असते तर... मीही कदाचित लिहिलं नसतं.

सुहास: म्हणजे मी अर्ज करून शास्त्रज्ञाला साक्षीला बोलावलं आणि हे विचारलं...

मावशी: तर तो वहीत बघून सांगेल. सापडलं होतं, सापडलं नव्हतं, किंवा बघितलंच नाही. तिन्हींपैकी दोन उत्तरं तुझ्या कामाची.

सुहास: आणि उरलेलं एक आलं तर मी माझ्याच हातानं अशिलाला आत घातलं. न विचारता नुसता खसखशीवर युक्तिवाद केला, तर संशयाचा फायदा मिळण्यासारखा आहे.

मावशी: आहे खरा. आत्ता तर म्हणत होतास, शास्त्रज्ञानं दर खटल्यात यावं.

सुहासनं कागद घेतला, सरळ केला, फाइलला लावला. मावशी पुन्हा खाली बसली, पिठात तुपाचा हात फिरवला आणि एक गोळी घेऊन खसखशीवर थापायला लागली. या वेळचा अनारसा हसला नाही. जाळी नीट पडली. सुहासनं तो उचलला, खसखशीची बाजू वर करून जरा वेळ बघितला आणि न खाताच ताटात परत ठेवला. अर्ज करणार की नाही, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.